हळदूचे जहाज

सिकंदराबादेहून समुद्र कोणत्याही दिशेला अडीचशे किलोमीटरांच्या आत नाही. तरीही रेल्वेच्या आरेखन-कचेरीतून 1989 साली निवृत्त झालेल्या अण्णांच्या घरात त्या वर्षापासून जहाजांवाचून दुसरा विषय उरला नाही. अण्णांचा जन्म परभणीकडचा, शिक्षण हैदराबादेतले, आणि समुद्राचे पहिले दर्शन वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तेही अपोलो बंदरावर, पावसाळ्यात, छत्री उलटी झालेली असताना. ह्या अर्ध्या तासाच्या ओळखीवर एवढा मोठा छंद कसा उभा राहिला हे त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, अखेरपर्यंत उमगले नाही. अण्णांना तरी उमगले होते की नाही, कोण जाणे. आयुष्यभर दुसऱ्यांनी ठरवलेल्या मापांच्या रेघा ओढलेल्या माणसाला त्या रेघांमधून एकदा काहीतरी उभे राहिलेले पाहावेसे वाटले असेल, एवढेच म्हणता येते.

छांदिष्ट माणूस सहसा एकटा असतो आणि त्या एकटेपणाची त्याला सवय झालेली असते. तिकिटे जमवणाऱ्यांची मंडळे असतात, बागवाल्यांची प्रदर्शने असतात. पण जहाजांच्या प्रतिकृती घडवणारा माणूस दख्खनच्या पठारावर दुसरा कुठे भेटावा? शेजारी ‘खेळणे झाले का?’ असे विचारीत, आणि अण्णा ‘होत आले’ असे उत्तर देत. खेळणे आणि प्रतिकृती ह्यांतील भेद समजावून सांगण्याच्या भानगडीत ते पडत नसत. खेळणे दिसायला जहाजासारखे असले की पुरते. प्रतिकृतीला तेवढ्याने भागत नाही. शहाण्णवास एक ह्या प्रमाणात पावणेसहा फुटांचा खलाशी अठरा मिलिमीटरांचा होतो, आणि त्या अठरा मिलिमीटरांच्या माणसाला त्या डेकवर चालता आले पाहिजे, त्या शिडीने चढता आले पाहिजे, डोके न आपटता खाली उतरता आले पाहिजे. तो खलाशी कोणी घडवीत नाही. पण प्रत्येक जिना त्याच्याच पायाच्या मापाने करावा लागतो.

पहिली ओळख झाली ती घड्याळामुळे. घरातले लंबकाचे घड्याळ बंद पडले म्हणून अण्णा ते घेऊन एका दुकानात गेले. दुकानदार बरकसचा राहणारा. निजामाच्या फौजेत हद्रमौतहून आलेल्या अरबांची ती वस्ती. ‘बॅरॅक्स’ ह्या इंग्रजी शब्दाचेच ते दख्खनी रूप. मराठवाड्यात ह्या लोकांना चाऊश म्हणतात, म्हणून अण्णाही त्यांना पहिल्या दिवसापासून चाऊशमियाँ म्हणू लागले. दुकानाच्या काचेमागे, सुट्या काट्यांच्या आणि स्प्रिंगांच्या डब्यांमध्ये, एक वीतभर लांबीचे संबूक उभे होते. अण्णा घड्याळ विसरून तेच पाहत राहिले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग अण्णांनी विचारले, ‘‘लकडी कौनसी?’’ चाऊशमियाँनी डोळ्यावरचे भिंग काढले, ह्या गिऱ्हाइकाकडे नीट पाहिले आणि दुकानाची फळी वर केली.

ह्या लोकांचा एक अलिखित शिष्टाचार असतो, तो तेथे नकळत पाळला गेला. दुसऱ्याचे काम प्रथम गप्प राहून पाहावे. बोट लावू नये. किती दिवस लागले असे विचारू नये, कारण त्या प्रश्नात ‘एवढे दिवस कशाला घालवले’ हा दुसरा प्रश्न दडलेला असतो. आणि पहिला प्रश्न लाकडाविषयीच असावा.

लाकडाचा प्रश्न तसा साधा नाही. खरे जहाज सागवानाचे असते म्हणून प्रतिकृती सागवानाची करावी, असे नवशिक्याला वाटते. पण लाकडाची वस्तू लहान केली तरी तिच्यातील रेषा लहान होत नाहीत. सागवानाची रेघ मापाच्या फळीवर उमटली की ती एखाद्या नदीच्या पात्राएवढी दिसते. युरोपातले लोक बॉक्सवूड किंवा पेअरचे लाकूड वापरतात. अण्णांनी शोधून शोधून हळदू काढला. पिवळसर, बारीक आणि एकसारख्या पोताचा. कातारी लोकांच्या ओळखीचा. सुरी कोणत्याही दिशेने चालवली तरी तो फारसा तक्रार करीत नाही. चाऊशमियाँचे संबूकही हळदूचेच निघाले. दोन माणसे एकाच शहरात, एकमेकांना ठाऊक नसताना, एकाच लाकडापर्यंत येऊन पोचली होती.

पण येथेच साम्य संपत होते. अण्णा आधी कागदावर आडवे छेद काढीत, त्यांवरून फासळ्या कापीत, फासळ्या कण्यावर बसवीत आणि मग त्यांच्यावर फळ्या चढवीत. युरोपीय जहाजबांधणीची ती रीत. चाऊशमियाँचे सगळे उलटे. ते कण्यापासून फळीला फळी जोडीत कवच वर आणीत आणि फासळ्या मागाहून आत बसवीत. अरबी समुद्राच्या काठावर जुने कारागीर असेच बांधीत आले. कागद नाही, छेद नाहीत. ‘‘कागज क्या करना?’’ असे ते विचारीत तेव्हा त्यांच्या बोलण्यात आढ्यता नसे, खरोखरीचे कुतूहल असे. त्यांनी स्वतः कधी समुद्रप्रवास केला नव्हता. आजोबांनी लहानपणी दुकानात बसून सुपारीच्या झाडाच्या विरीवर कोरून दाखवलेला आकार, एवढाच त्यांचा नकाशा होता. अण्णांनी एकदा गुपचूप ते संबूक दोऱ्याने मोजले. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या भरल्या. त्या रात्री ते नीट झोपले नाहीत, असे काकू सांगत.

दुसरी ओळख पुस्तकामुळे झाली. आबिद्‌सच्या फुटपाथवर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तेथे अण्णांना हॅरॉल्ड अंडरहिल ह्यांच्या ‘प्लँक-ऑन-फ्रेम मॉडेल्स’ ह्या ग्रंथाचा दुसरा खंड पूर्वीच मिळालेला होता. लिऑन नावाच्या एका दोन डोलकाठ्यांच्या जहाजाची प्रतिकृती कशी घडवावी, हा ह्या दोन खंडी ग्रंथाचा विषय. पहिला खंड सांगाड्याचा आणि कवचाचा, दुसरा डोलकाठ्यांचा आणि दोरखंडांचा. ह्या अर्धवट विद्येचा परिणाम अण्णांच्या तोवरच्या कामात स्पष्ट दिसे: वर दोरांचे जाळे अचूक, आणि खाली ठोकळा कोरून काढलेले जेमतेम शरीर. 1991 च्या सुमारास विक्रेत्याने सहज सांगितले की दुसऱ्या खंडाची चौकशी करणारे एक पारशी गृहस्थ दर महिन्याला येतात. पहिला त्यांच्यापाशी आहे.

ते गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, अविवाहित, सिकंदराबादेतच राहणारे. चाऊशमियाँ त्यांना सेठ म्हणत, अण्णा साहेब म्हणत. त्यांच्यामागे दोघेही बावाजी म्हणत. त्यांच्या घरी गेल्यावर अण्णांना जे दिसले ते आपल्या कामाचे आरशातले रूप होते. कपाटावर, टेबलावर, खाटेखाली जहाजांची शरीरे. एकाहून एक सुरेख, आणि एकावरही डोलकाठी नाही. मधोमध, जुन्या चादरीखाली, पावणेएकोणीस इंचांचे एक फ्रिगेट. तिचे नाव ‘त्रिंकोमाली’.

ह्या जहाजाची हकीकत बावाजींनी त्यांना पुढे अनेकदा ऐकवली, आणि ती ऐकवण्याजोगीच आहे. मूळ रेखाटन फ्रेंच: हेबे नावाचे फ्रिगेट इंग्रजांनी 1782 मध्ये पकडले आणि त्याच्या मापांवरून लेडा ह्या वर्गाची जहाजे बांधली. त्यांतले एक मुंबईच्या गोदीत बांधायचे ठरले. नकाशे जावा ह्या युद्धनौकेवरून निघाले. पण 1812 च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्यानजीक अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशनशी गाठ पडून ती नष्ट झाली आणि नकाशांची दुसरी प्रत पाठवावी लागली. काम 1816 मध्ये सुरू झाले. मुख्य बांधणारे जमशेटजी बोमनजी वाडिया. 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला आलेल्या लवजी नसरवानजींच्या घराण्यातले. लाकूड मलबारचे सागवान. पारशी रिवाजाप्रमाणे कण्यात चांदीचा खिळा ठोकला गेला. 12 ऑक्टोबर 1817 रोजी जहाज पाण्यात उतरले. इंग्लंडातील हार्टलपूल येथे ते आजही तरंगते आहे. ब्रिटनच्या तरंगत्या युद्धनौकांत त्याहून जुनी दुसरी नाही. फ्रेंचांची रेघ, इंग्रजांची नक्कल, बुडालेली प्रत, पुन्हा काढलेली प्रत आणि मग पारशी हात व मलबारी झाड. मूळ आणि प्रतिकृती ह्यांवर पुष्कळ पांडित्य खर्ची पडते; त्या खोलीत मात्र त्याची गरज कोणाला भासत नव्हती.

दुसऱ्याच भेटीत अण्णांनी शिष्टाचार मोडला. नकाशानवीसाचा डोळा, तो तरी काय करणार? चौदा-चौदा तोफखिडक्यांच्या दोन रांगा पाहता पाहता त्यांच्या लक्षात आले की डाव्या अंगाची फुगवट उजवीपेक्षा भरलेली आहे. ते म्हणाले, ‘‘साहेब, डावी बाजू दोन मिलिमीटर बाहेर आहे.’’ बावाजींनी चादर जहाजावर ओढली, चहा मागवला, हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि अण्णांना दारापर्यंत पोचवले. त्यानंतर तीन महिने काही नाही. अण्णा स्वतःवर चिडत. सहा वर्षे खपून उभे केलेल्या कामाविषयी दोन मिलिमीटर सांगायचे अडले होते का? काकू म्हणाल्या, ‘‘खरं होतं ना? मग सांगितलंत ते बरंच केलंत.’’ पण सगळे खरे सगळ्यांना सांगायचे नसते, हे काकूही जाणत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी विषय काढला नाही.

तीन महिन्यांनी इंग्रजीत एक पोस्टकार्ड आले. मजकूर एवढाच की माप पुन्हा घेतले आहे. दोन नव्हे, पावणेतीन मिलिमीटर. खऱ्या जहाजावर हे दहा इंचांहून अधिक होते. डाव्या अंगाच्या फळ्या काढून टाकल्या आहेत. रविवारी यावे, आणि दुसरा खंड आणावा.

त्या रविवारपासून अकरा वर्षे रविवार मोडला नाही. चाऊशमियाँही येऊ लागले, कारण बांबूचे बारीक खिळे करण्यासाठी भोके पाडलेली पोलादी पट्टी हवी होती, आणि सोनार तार ओढतात तशी ती पट्टी त्यांनी एका रात्रीत करून दिली. चौथे आले ते नौदलातून निवृत्त झालेले आंध्र गृहस्थ. मुलाजवळ राहायला विशाखापट्टणहून आलेले. त्यांना सगळे चीफ म्हणत. त्यांनी स्वतः एकही जहाज केले नव्हते, पण गाठी त्यांच्याइतक्या कोणाला येत नव्हत्या. चाऊशमियाँनी जुन्या घड्याळाच्या दातेरी चाकांतून दोर वळण्याचे यंत्र केले. तीन पदरांचा पहिला वार-दीडवार दोर मोठ्या अभिमानाने पुढे ठेवला. चीफनी तो अंगठ्याखाली फिरवला आणि ‘‘पीळ उलटा आहे’’ म्हणून परत केला. चाऊशमियाँनी यंत्राला एक चाक वाढवले.

काय बोलत ही माणसे? पुष्कळदा काहीच नाही. एकजण घासकागद चालवी, एकजण सुतावर मेण ओढी. बावाजी मधून मधून गोष्टी सांगत: नेपोलियनच्या काळात इंग्लंडात नॉर्मन क्रॉस येथे डांबलेल्या फ्रेंच कैद्यांनी जेवणातली हाडे जमवून, ती घासून, त्यांची जहाजे केली आणि तुरुंगाच्या फाटकाशी विकली. चाऊशमियाँना ही गोष्ट फार आवडे. ती ते पुन्हा पुन्हा सांगायला लावत. अण्णांची एकच मागणी असे. त्यांना मराठ्यांची गुराब करायची होती. बखरींतून गुराब, गलबत, शिबाड, तरांडे, मचवा ही नावे धावत येतात. पण ज्यावरून फासळी कापावी असा एकही छेद त्यांना मिळाला नाही. रॉबर्ट ऑर्मच्या इंग्रजी इतिहासातले वर्णन तेवढे त्यांनी उतरून घेतले होते: बहुतेक गुराबांना दोन डोलकाठ्या, काहींना तीन, लांबीच्या मानाने रुंदी फार, मध्यापासून टोकाकडे निमुळती होत जाणारी आणि पुढे चोचीसारखी निघालेली नाळ, त्या नाळेवरून मारा करणाऱ्या दोन तोफा. चाऊशमियाँ म्हणाले, ‘‘एवढं पुष्कळ झालं. पंधरा दिवसांत कवच आणतो.’’ अण्णांनी नाही म्हटले. शब्दांवरून रेघ काढणे त्यांना जमेना, आणि रेघेवाचून लाकूड कापणे त्यांना पटेना. तो कागद त्यांच्या फळीवर टाचणीने लावलेला पिवळा होत राहिला. ह्याला प्रामाणिकपणा म्हणावे की भित्रेपणा, ह्यावर चीफ आणि चाऊशमियाँ ह्यांचे एकमत कधी झाले नाही.

2002 च्या हिवाळ्यात बावाजी गेले. दोन दिवसांच्या तापाचे निमित्त झाले. ‘त्रिंकोमाली’चे शरीर तोवर पूर्ण झाले होते, डेक बंद झाला होता, तोफा जागच्या जागी होत्या, डोलकाठ्या तासून एका डब्यात ठेवलेल्या होत्या, पण उभ्या केलेल्या नव्हत्या. मुंबईहून भाची घर आवरायला आली. चादरीत गुंडाळलेले जहाज मांडीवर घेऊन ती ऑटोरिक्षाने अण्णांकडे आली आणि म्हणाली, ‘‘काका, हे तुमच्याकडेच राहू दे. तिकडे नेलं तर मोडेल, आणि न मोडलं तरी त्याच्याकडे कोण बघणार?’’

मग प्रश्न उभा राहिला. चीफना तो प्रश्नच वाटत नव्हता. डोलकाठीवाचून शिडाचे जहाज म्हणजे काय? दुसऱ्या खंडासाठी तो माणूस वर्षानुवर्षे फुटपाथ धुंडाळीत होता. त्याला डोलकाठ्या हव्या होत्या हे आणखी कोणी सांगायला हवे? चाऊशमियाँ ऐकेनात. त्यांच्या दुकानात एक खण होता, त्यात दुरुस्त होऊनही मालक न्यायला न आलेली घड्याळे होती. काही वीस वर्षांची. ती ते विकत नसत, कोणाला दाखवतही नसत. ‘‘पूछे बगैर कैसा हाथ लगाना, अण्णासाब?’’ एवढेच त्यांचे म्हणणे. सेठने स्वतःच्या हाताने फळ्या उखडून काढल्या होत्या. दुसऱ्याकडून एक खिळाही मारून घेतला नव्हता.

अण्णांनी पुस्तके उलटली, आणि इतिहासाने त्यांना अधिकच पेचात टाकले. खरी ‘त्रिंकोमाली’ 1819 मध्ये पोर्टस्मथला पोचली ती लढायला नव्हे. तोवर युद्धे संपली होती. ती पंचवीस वर्षांहून अधिक काळ राखीव म्हणून नुसती बांधून ठेवली गेली, आणि अशी जहाजे डोलकाठ्या उतरवूनच ठेवीत. म्हणजे चाऊशमियाँ म्हणत होते तेही प्रमाणाला धरूनच होते. पण मुंबईहून पोर्टस्मथपर्यंत ती आली ती शिडांवरच, हे चीफनी लगेच दाखवून दिले. वर्षभर जहाज काकूंच्या शिवणाच्या टेबलावर तसेच राहिले. काकू जेवणाच्या ताटांसाठी जागा करताना ते दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवीत. इतर जहाजांविषयी त्यांनी एवढी काळजी कधी घेतली नव्हती.

त्या वर्षात एक छोटी गोष्ट घडली. भाचीने मागाहून पाठवलेल्या सामानात चांदीच्या सहा चमच्यांचा संच होता, आणि त्यांतल्या एकाचा दांडा टोकाशी कापलेला होता. कापलेली जागा कानशीने घासून गुळगुळीत केलेली. तिघांनी तो चमचा पाळीपाळीने हातात घेतला. बावाजींनी चांदीच्या खिळ्याची गोष्ट शंभरदा सांगितली होती, पण आपल्या जहाजाच्या कण्यात तसा खिळा ठोकल्याचे कधी सांगितले नव्हते. कण्याचे लाकूड आता कवचाआड होते. चाऊशमियाँनी सवयीने खिशातले चुंबक काढले, मग स्वतःशीच हसून परत ठेवले. चांदी चुंबकाला ओळखत नाही. फळी उचकटून पाहावे असे कोणीही सुचवले नाही.

तोड सुचवली ती चाऊशमियाँनीच, आणि तीही घड्याळजीची. सरसाचा एक थेंब वापरायचा नाही. डोलकाठी भोकात नुसती उभी करायची. पुढून, मागून आणि दोन्ही अंगांनी येणारे दोरच तिला धरून ठेवतील, जसे ते खऱ्या जहाजात धरतात. गाठ बांधायची ती सोडता येईल अशीच. उद्या कोणी मालक म्हणून उभा राहिला तर एका दिवसात सगळे उतरवून जहाज होते तसे त्याच्या हाती देता आले पाहिजे. चीफनी विचार केला आणि म्हणाले की जहाजावर गाठ असतेच ती सोडण्यासाठी. न सुटणारी गाठ बांधणाऱ्याला त्यांच्या काळी शिक्षा होत असे.

2003 च्या अखेरीस काम सुरू झाले. अण्णांचा हात तोवर थरथरू लागला होता. ते दुसरा खंड उघडून दोरांची जाडी काढीत, तक्ता लिहीत आणि माप सांगत. चाऊशमियाँ भातुकलीच्या तिखटाएवढे लाकडी गट्टू कातून त्यांना तीन-तीन भोके पाडीत. गाठी चीफच्या. डोलकाठीवर चढण्यासाठी आडव्या दोऱ्यांच्या पायऱ्या असतात, त्यांतले अंतर खऱ्या जहाजावर पंधरा इंच धरले तर येथे चार मिलिमीटर. आणि प्रत्येक पायरी प्रत्येक उभ्या दोराला वेगळ्या गाठीने बांधावी लागते. पुढची डोलकाठी झाली, मधली झाली. मागचीची उजवी बाजू झाली. 2006 मध्ये चीफच्या मुलाची बदली झाली आणि ते त्याच्याबरोबर गेले. जाताना त्यांनी एका जाड दोरावर ती गाठ मोठी करून बांधली आणि अण्णांच्या हाती दिली.

डाव्या बाजूच्या पायऱ्या अण्णांनी स्वतः घेतल्या. एका बैठकीत तीन गाठी. चौथीला चिमटा ऐकत नसे. रविवारी चाऊशमियाँ येत, डोळ्यावर भिंग चढवून त्या तीन गाठी तपासत, आणि अंतर चुकले असेल तर सांगत. पहिल्यांदा ते असे म्हणाले तेव्हा अण्णांनी चिमटा खाली ठेवला आणि किती, म्हणून विचारले. चाऊशमियाँनी पुन्हा भिंग लावले. अर्धा मिलिमीटर, ते म्हणाले. कदाचित थोडा कमी. अण्णांनी गाठ सोडली. काकूंनी चहा टेबलावर न ठेवता खिडकीत ठेवला.